खर्जाचे मानकरी

गेल्या वर्षीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा गायकवृंद चर्चमध्ये सराव करीत होता. पेटी होती, दोन गिटारी होत्या, ढोलकी होती, आणि एका कोपऱ्यात भिंतीला टेकून एक अबोल मुलगा उभा होता. त्याच्या गळ्यात चार जाड तारांची, लांब मानेची गिटार होती. इतर वाद्ये धावत होती आणि हा मात्र मध्येच एखादी तार छेडून पुन्हा स्वस्थ उभा राही. पहिल्या बाकावर जपमाळ घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी मला हळूच विचारले, "फादर, त्या पोराचं वाद्य बिघडलंय का? हात हलतात, पण आवाज काही येत नाही." मी हसून वेळ मारून नेली. थोड्या वेळाने कोणाचा तरी पाय अडकून त्या मुलाच्या स्पीकरची वायर निघाली. गाणे चालूच राहिले. कोणी चुकले नाही, कोणी थांबले नाही. परंतु आजीबाईंनी जपमाळ थांबवून मान वर केली आणि म्हणाल्या, "काय झालं हो? गाणं एकदम हलकं झालं."

ज्या वाद्याचा आवाज त्यांना येत नव्हता, तेच वाद्य थांबताच त्यांच्या ध्यानी आले. ह्या वाद्याविषयी आणि ते वाजविणाऱ्यांविषयी, विशेषतः १९६० ते १९७० ह्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत ज्यांनी ते कोपऱ्यातून पुढे आणले त्यांच्याविषयी, चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात होते. रॉक संगीताचे नाव काढले की आपल्या घरांतील वडीलधारी माणसे कानांवर हात ठेवतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही हा लेख वाचण्याची विनंती आहे, कारण एके काळी मीही कानांवर हात ठेवणाऱ्यांपैकीच होतो.

वाद्याचे नाव बेस गिटार. बेस म्हणजे आपला खर्ज. तंबोऱ्याच्या चार तारांतील शेवटची पितळी तार खर्जाची असते. गवई गात असता ती तार कोणी मुद्दाम ऐकत नाही, परंतु ती उतरली तर मैफलीचा पाय घसरतो. तबल्याबरोबर डग्गा असतो, मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावून तिचा आवाज खाली आणतात, आपल्या गोव्यातील घुमटाचा तळहाताने काढलेला भरीव बोलही ह्याच कुळातला. लग्नाच्या किंवा सणाच्या मिरवणुकीत बँडच्या मागच्या रांगेतून जाणारे ते सर्वांत मोठे, माणसाला वेढून बसलेले पितळी वाद्य आठवा. त्याच्याकडे पाहून लहान मुले हसतात, पण ते गप्प झाले तर सारा बँड पिपाण्यांचा होईल. चर्चमधील जुन्या ऑर्गनला पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या असत, त्याही खर्जासाठीच. सोळा फूट लांबीच्या उघड्या नळीतून सेकंदाला सुमारे तेहतीस कंपनांचा स्वर निघतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे एकेचाळीस कंपने करते, म्हणजे नेहमीच्या गिटारीच्या जाड तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली.

मात्र तंबोऱ्याचा खर्ज आणि पाश्चात्त्य संगीतातील खर्ज ह्यांत एक भेद आहे आणि तो समजल्यावाचून पुढची मौज कळणार नाही. आपला खर्ज जागचा हलत नाही. त्यांचा खर्ज चालतो. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी हे करून पाहावे. उजव्या हाताने मधल्या सप्तकातील सा दाबून धरावा आणि तो सोडू नये. आता डाव्या हाताने खालच्या सप्तकातील सा दाबावा: घरात बसल्यासारखे वाटेल. मग खालचा सा सोडून त्याऐवजी शुद्ध ध दाबावा: वरचा सा तोच आहे, पण त्यावर उदासीची एक छाया आली. मग ध सोडून म दाबावा: आता तोच सा गावाबाहेरच्या माळावर येऊन उभा राहिल्यासारखा मोकळा झाला. गाणाऱ्याने आपला स्वर तसूभरही हलविला नाही, खालच्याने आपली जागा बदलली आणि वरच्याचा अर्थ पालटला. बेस वाजविणाऱ्याच्या हाती असलेली सत्ता ती हीच. त्यात तो ढोलाच्या ठेक्याशीही बांधलेला असतो. पायाने वाजणारा मोठा ढोल आणि बेस हे दोघे जोडीने चालतात, म्हणून ऐकणाऱ्याचा पाय आपोआप जमिनीवर पडू लागतो.

हे काम पूर्वी डबल बेस नावाचे वाद्य करीत असे. पुरुषभर उंचीचे, पोटाशी धरून उभ्याने वाजवायचे हे प्रचंड व्हायोलिन. ते मोटारीत मावेना आणि गिटारी विजेवर वाजू लागल्या तेव्हा कोणाला ऐकूही येईना. शिवाय त्याच्या मानेवर पडदे नसल्याने बोट जरासे सरकले की स्वर बेसूर. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५१ साली यावर तोड काढली. त्याने भरीव लाकडाची, सतारीसारखे पडदे असलेली, गळ्यात अडकविता येणारी चार तारांची विजेवर चालणारी बेस गिटार विक्रीस आणली. पडद्यांमुळे स्वर अचूक येतो म्हणून तिचे नावच 'प्रिसिजन' ठेवले. गमतीची गोष्ट अशी की, जगभर ज्याच्या गिटारी वाजल्या त्या फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. सेमिनरीत असताना आमच्या एका सोबत्याकडे बीटल्स ह्या इंग्लिश वाद्यवृंदाची एक जुनी कॅसेट होती. ती तो तळहाताएवढ्या टेपरेकॉर्डरवर लावी. मी पाश्चात्त्य स्वरलेखन आणि ऑर्गन शिकत होतो, आणि त्या वयातील विद्वत्तेच्या ताठ्यात मी जाहीर करून टाकले की, हे संगीत नव्हे, हा पत्र्याच्या डब्यातला कलकलाट आहे. पुष्कळ वर्षांनी एका स्नेह्याच्या घरी तेच गाणे मी चांगल्या मोठ्या स्पीकरवर ऐकले आणि खुर्चीत सरसावून बसलो. गाण्याच्या खाली आणखी एक गाणे चालले होते! मी ज्याला पत्र्याचा डबा म्हटले तो त्या छोट्या यंत्राचा डबा होता. दोन-तीन इंचांचा स्पीकर एकेचाळीस कंपनांचा स्वर काढूच शकत नाही. आपला कान वरच्या सूक्ष्म स्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो खरा, पण अंदाजाने का पोट भरते? त्या दशकात जगातील बहुतेक घरांत हे संगीत लहान ट्रान्झिस्टरवरच पोहोचले. मुले नाचली आणि वडील रागावले, आणि दोघांनीही गाणे बहुधा अर्धेच ऐकले होते. आज मोबाइल फोनचा स्पीकर नखाएवढा झाला आहे. तेव्हा ह्या लेखात नावे आलेली गाणी ऐकायची झाल्यास कृपा करून कानांत घालायच्या चांगल्या यंत्रावर ऐकावीत. सर्वच गाण्यांच्या शब्दांची किंवा गाणाऱ्यांच्या राहणीची मी शिफारस करीत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

बीटल्सचा बेस वाजविणारा पॉल मॅकार्टनी हा लिव्हरपूल बंदरातील एका कापूस-विक्रेत्याचा मुलगा. आई कॅथलिक परिचारिका होती, ती १९५६ साली वारली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. वडील जिम हे हौसेने पियानो आणि ट्रंपेट वाजवीत आणि तरुणपणी त्यांचा स्वतःचा एक छोटा वाद्यवृंद होता. रेडिओवर संगीत लागले की ते मुलांना जवळ बसवून विचारीत, "खालचा तो घुमणारा आवाज ऐकू येतो का? त्याला बेस म्हणतात." पॉलने ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. मला ह्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका बापाने रेडिओपाशी बसून मुलाला कान दिला.

तरीही पॉलने बेस आवडीने घेतला असे नाही. वाद्यवृंदात तो वाजविणारा स्टुअर्ट सटक्लिफ हा मूळचा चित्रकार. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी रात्र-रात्र वाजवीत असताना १९६१ साली त्याने वाद्य खाली ठेवले व चित्रकलेकडे वळला. बेस कोणी घ्यायचा, हा प्रश्न आला. मागे उभे राहायचे, गाण्यात मिरवायचे नाही, असे हे काम कोणालाच नको होते. ते पॉलच्या वाट्याला आले. पॉल डावखुरा. त्याने हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना हॉफनर नावाचे, व्हायोलिनच्या आकाराचे हलके वाद्य घेतले. दोन्ही बाजू सारख्या असल्याने ते उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. (हे वाद्य १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेले आणि तब्बल अर्ध्या शतकानंतर, २०२४ साली, ते मालकाला परत मिळाल्याचे जाहीर झाले. आपल्या गावी चोरीस गेलेली सायकलसुद्धा परत येत नाही!)

पहिली काही वर्षे त्याने सर्वांसारखाच सरळ बेस वाजविला. मग अमेरिकेतून तबकड्या येऊ लागल्या. त्यांतला खर्ज इंग्लंडातील तबकड्यांपेक्षा भरदार होता आणि नुसता ठेका न देता तो बोलत होता. तसा आवाज मला हवा, असा हट्ट पॉलने धरला. तबकडीवर खर्ज फार भरला तर खाच एवढी वळते की सुई उडते, म्हणून इंग्लिश तंत्रज्ञ भीत असत. एप्रिल १९६६ मध्ये ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी एक युक्ती केली. स्पीकर आणि मायक्रोफोन यांची रचना मुळात एकच, फक्त काम उलटे. म्हणून त्यांनी बेसच्या स्पीकरसमोर दुसरा एक मोठा स्पीकर उलटा जोडून ठेवला आणि त्याचाच मायक्रोफोन केला. त्या दिवसांत मुद्रित झालेले 'रेन' हे गाणे ऐकले म्हणजे फरक तत्काळ कळतो. पुढच्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर' ह्या तबकडीसाठी तर पॉल पुष्कळदा बेस सर्वांत शेवटी वाजवी. गाणे पुरे झालेले, सोबती घरी गेलेले, आणि हा रात्री उशिरापर्यंत एकेक ओळ घासूनपुसून बसवीत असे. सर्वांचे बोलून झाल्यावर बोलण्याचा हा लाभ होता. कोठे जागा रिकामी आहे, कोठे आपण गप्प राहिलो तर बरे, हे त्याला दिसत असे.

एकच गाणे ऐकायचे असेल तर १९६९ सालचे 'समथिंग' ऐकावे. ते त्याच्या सोबत्याचे, जॉर्ज हॅरिसनचे गाणे. पहिल्यांदा ऐकताना फक्त गाणाऱ्याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा गाणाऱ्याला विसरून खालच्या वाद्यामागून चालावे. ते कोठे गाणाऱ्याच्या पुढे जाते, कोठे ओळ संपताच एक लहानशी वळसेदार जागा घेऊन परत येते. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. बेस जरा अधिकच बोलतो आहे असे कोणास वाटले तर मी वाद घालणार नाही, मलाही एक-दोन ठिकाणी तसे वाटते. परंतु दुसऱ्याच्या गाण्यावर इतके मन लावणे ही साधी गोष्ट नव्हे.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, बीच बॉइज ह्या वाद्यवृंदाचा ब्रायन विल्सन हाच शोध दुसऱ्या वाटेने घेत होता. तो स्वतः बेस वाजवीत असे. एका कानाने तो जवळजवळ बहिरा होता. १९६४ च्या अखेरीस प्रवासात त्याचे मन कोलमडले आणि त्याने दौरे सोडून ध्वनिमुद्रणगृहातच राहणे पसंत केले. वर मी पेटीवर करून पाहायला सांगितले ते रहस्य त्याला फार चांगले समजले होते: वरचे स्वर ज्या पायाची अपेक्षा करतात तो पाय न देता शेजारचा द्यावा, म्हणजे गाणे अधांतरी तरंगू लागते. त्याची १९६६ सालची 'पेट साउंड्स' ही तबकडी अशा तरंगण्याने भरलेली आहे. तीतील बऱ्याच गाण्यांचा बेस वाजविला तो कॅरल के नावाच्या एका स्त्रीने. तिचे आईवडील दोघेही वादक. घरची गरिबी होती म्हणून ती चौदाव्या वर्षापासून गिटारच्या शिकवण्या करीत असे. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेस वाजविणारा आलाच नाही, तेव्हा हिच्या हाती ते वाद्य देण्यात आले. ती बोटांऐवजी नखीने वाजवी, त्यामुळे तिचा स्वर टणक आणि स्पष्ट येई. आई आणि मुले यांचा संसार तिच्या कमाईवर चालत होता. सकाळी एक ध्वनिमुद्रण, दुपारी दुसरे, रात्री तिसरे, अशी ती हजारो गाण्यांवर वाजली. त्यांतील कितीतरी गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते.

त्या दशकातील आणखी काही मानकऱ्यांचा निर्देश केला पाहिजे. 'द हू' ह्या इंग्लिश वाद्यवृंदातील जॉन एन्टविसल हा शाळेत ट्रंपेट व फ्रेंच हॉर्न वाजवीत असे. त्याने आपले पहिले बेस गिटार घरीच सुतारकाम करून बनविले होते. सोबती रंगमंचावर उड्या मारीत, वाद्ये फोडीत, आणि हा खांबासारखा स्थिर. फक्त बोटे धावत. १९६५ सालच्या 'माय जनरेशन' ह्या गाण्यात, जेथे एरवी गिटार पुढे यायची तेथे ह्याचा बेस पुढे आला. त्या वाद्याच्या बारीक तारा तुटत आणि इंग्लंडात सुट्या मिळत नसत, म्हणून त्याने तारांसाठी नवीन वाद्येच विकत घेतली आणि शेवटी कंटाळून दुसऱ्याच वाद्यावर मुद्रण केले. 'क्रीम' मधील जॅक ब्रूस हा स्कॉटलंडातील संगीत अकादमीत शिष्यवृत्तीवर चेलो शिकणारा मुलगा. त्याने बाखच्या रचनांतून खर्ज कसा चालवावा हे घेतले. तो जाझ वाजवितो हे शिक्षकांना रुचले नाही, तेव्हा त्याने अकादमी सोडली.

आपल्या वाचकांस जवळचा वाटेल तो जॉन पॉल जोन्स. 'लेड झेपेलिन' हे नाव आज कर्कश रॉकचे दुसरे नाव समजले जाते. त्या वाद्यवृंदाचा हा बेस वाजविणारा वयाच्या चौदाव्या वर्षी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे व गायकवृंद चालवीत असे. त्याच वर्षी त्याने पहिली बेस गिटार घेतली. पायांनी खर्ज दाबण्याची चर्चमधील सवय त्याला पुढे उपयोगी पडली. रंगमंचावर दोन्ही हात दुसऱ्या वाद्यात गुंतले की तो पायांनी बेस वाजवी. लॅरी ग्रॅहॅमची कथाही ऑर्गनवरूनच सुरू होते. तो आपल्या आईबरोबर वाजवीत असे. आई पियानोवर गाई, मुलगा हाताने गिटार आणि पायाने ऑर्गनचा खर्ज सांभाळी. एके दिवशी ऑर्गन बिघडला. दुरुस्त होईपर्यंत म्हणून त्याने भाड्याने बेस गिटार आणली. ऑर्गन दुरुस्त झालाच नाही. मग ढोल वाजविणाराही सुटला आणि मायलेक दोघेच उरले. ठेका हवा म्हणून मुलगा अंगठ्याने तारेवर थाप मारू लागला आणि बोटाने तार ओढून सोडू लागला: थाप म्हणजे मोठा ढोल, ओढ म्हणजे लहान ढोल. घरच्या अडचणीतून निघालेली ती रीत 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' ह्या वाद्यवृंदातून जगभर गेली. आज आमच्या गायकवृंदातील तो अबोल मुलगासुद्धा, मी पाहत नाही असे वाटले की, अंगठ्याने तशी थाप मारून पाहतो.

आता ज्याच्याकडून मॅकार्टनीपासून सर्वजण शिकले, त्या माणसाकडे वळतो. तो रॉक वाजविणारा नव्हता. तो कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातला. परंतु त्याला वगळून ह्या दशकाच्या खर्जाची हकीगत सांगताच येणार नाही.

जेम्स जेमर्सन १९३६ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात जन्मला. आजी पियानो वाजवी, घरातील एक बाई चर्चच्या गायकवृंदात गात असे. लहानपणी तो एका काठीला रबर ताणून बांधी, काठी मुंग्यांच्या वारुळात रोवी आणि रबर छेडून मुंग्यांना नाचवतो म्हणे, असे त्याचे आप्त सांगत. १९५४ साली तो डेट्रॉइट ह्या मोटारींच्या शहरी आला व शाळेत डबल बेस शिकला. १९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने घरच्यांकडून आठशे डॉलर कर्जाऊ घेऊन तेथे ध्वनिमुद्रिकांचा धंदा काढला. त्याचे नाव मोटाऊन. रस्त्याकडेच्या एका साध्या घरात मागच्या बाजूला छोटेसे ध्वनिमुद्रणगृह होते. जेमर्सन त्यात शिरला आणि पुढची दहा-बारा वर्षे तेथून निघालेल्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांखाली त्याचा खर्ज आहे.

त्याने फेंडरचे प्रिसिजन वाद्य घेतले, पण हात डबल बेसचाच राहिला. उजव्या हाताची एकच तर्जनी तो वापरी. सोबती तिला आकडी म्हणत. त्या एका बोटाने तो जे काढी ते आज लोक दोन आणि तीन बोटांनी काढण्याची शिकस्त करतात. तो ठेक्यावर नुसता उभा राहत नसे. ठेक्याच्या किंचित अलीकडून स्वर उचलून, मधले बारीक स्वर स्पर्शून, नेमक्या क्षणी घरी पोहोचे. 'बर्नाडेट' हे १९६७ सालचे गाणे ऐकावे. गाणारा जिवाच्या आकांताने गात आहे आणि खाली हा माणूस एका श्वासाचीही विश्रांती न घेता त्याची समजूत घालीत आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

आणि तरीही ह्या गाण्यांच्या तबकड्यांवर त्याचे नाव नव्हते. गाणाऱ्याचे नाव असे, कंपनीचे असे. वादकांची नावे छापण्याची तेथे रीतच नव्हती. मॅकार्टनी त्याच्यासारखे वाजविण्याची धडपड करीत होता, पण कितीतरी दिवस त्याचे नाव त्याला माहीत नव्हते! मार्व्हिन गे ह्या गायकाने १९७१ साली 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही तबकडी काढली, तेव्हा कोठे जेमर्सन आणि त्याचे सोबती ह्यांची नावे पाकिटावर आली. त्या गाण्याच्या मुद्रणाच्या रात्री गेने जेमर्सनला शहरातून शोधून आणविले. तो इतका प्यालेला होता की खुर्चीवर बसवेना, तेव्हा जमिनीवर पडल्या-पडल्या त्याने ते वाजविले, असे सांगतात.

हे वाचताना आपल्याकडील वादकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली किती मुले मुंबईस गेली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली! पडद्यावर संगीत दिग्दर्शकाचे नाव येई, त्यांचे बहुधा येत नसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोहोचले ते १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटातील गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव त्या गाण्यात गोवले. गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी कित्येकांना असा कोणी खरा गृहस्थ होता हे आजही ठाऊक नाही.

मोटाऊनने १९७२ साली आपले बिऱ्हाड डेट्रॉइटहून लॉस एंजेलिसला हलविले. जेमर्सनही मागोमाग गेला, पण तेथे त्याचे बस्तान बसले नाही. संगीताची तऱ्हा बदलली होती, आणि मद्याने त्याला पुरते घेरले होते. बोलावणी कमी होत गेली. २५ मार्च १९८३ रोजी पॅसाडेना येथे मोटाऊनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला. ज्या रात्री मायकल जॅक्सनने पाय न उचलता मागे सरकण्याचे ते प्रसिद्ध नृत्य प्रथम दाखविले, तीच ही रात्र. जुनी गाणी एकामागून एक सादर झाली. त्यांतील कित्येकांचा मूळ खर्ज ज्याचा, तो जेमर्सन बाहेर काळ्या बाजारात तिकीट घेऊन वरच्या सज्जातून तो सोहळा पाहत होता.

त्याच वर्षी २ ऑगस्ट रोजी तो वारला. वय सत्तेचाळीस. त्याला डेट्रॉइटमध्ये पुरले. मरणानंतर सहा वर्षांनी त्याच्या जीवनावर व वादनावर एक ग्रंथ निघाला, २००० साली रॉक संगीताच्या सन्मानगृहात त्याचे नाव कोरले गेले, २००२ साली त्याच्या सोबत्यांवर चित्रपट आला. आता बेस शिकणारा प्रत्येक विद्यार्थी त्याच्या ओळी स्वरलिपीवरून घोकतो. आमच्या त्या मुलालाही मी एक ओळ लिहून दिली आहे. ती अद्याप त्याच्या बोटांत बसलेली नाही, आणि पेटीवर वाजवून दाखविताना माझ्याही बसली नाही.

जेमर्सनचे १९६२ सालचे ते फेंडर वाद्य त्याच्या मृत्यूपूर्वी काही दिवस आधी चोरीस गेले. तुटल्याखेरीज त्याच्या तारा त्याने कधी बदलल्या नव्हत्या. तारांवरच्या मळातच गोडी असते, असे त्याचे म्हणणे असे. मॅकार्टनीचे वाद्य एक्कावन्न वर्षांनी परत आले. जेमर्सनचे अजून सापडलेले नाही.